रेघमुक्त रुग्णालय

माणसाच्या शरीरात धातू असणं हा काही गुन्हा नाही. पण तो फोटोत दिसणं हा संस्थेचा अपमान आहे. हे सत्य जगाला फार उशिरा कळलं. कोल्हापुरात ते दोन हजार एक सालच्या मार्च महिन्यात, एका सहकारी रुग्णालयाच्या संचालक मंडळाला, भडंग खाता खाता कळलं. (रुग्णालयाचं नाव इथे देत नाही. सभासदांना भावना असतात आणि सभासद साडेनऊ हजार आहेत.) त्यानंतर त्या संस्थेने जी प्रगती केली ती थक्क करणारी आहे. त्या प्रगतीच्या वाटेत एकच अडचण आली. ती गडमुडशिंगीहून सकाळच्या केएमटी बसने यायची, तिचं नाव अंबूबाई आणि तिचा उजवा खुबा दुखायचा.

रुग्णालयाकडे सीटी स्कॅनचं मशीन होतं. ते परदेशात कुठेतरी दहा वर्षं नोकरी करून निवृत्त झालेलं होतं, पण निवृत्तीनंतरच कर्तबगारी सुरू होते अशी उदाहरणं आपल्या सहकारात पैशाला पासरी आहेत, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. मशीनची हलगीच्या कडकडाटात मिरवणूक निघाली. नारळ मशीनच्याच डोक्यावर फोडावा असा काही संचालकांचा आग्रह होता, तो संगमेशने आडवा उभा राहून मोडून काढला. हा संगमेश म्हणजे मशीन चालवणारा तंत्रज्ञ. गडहिंग्लजकडचा, तिशीतला. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि मशीनशी बोलताना दोन्ही.

मशीनचं काम समजायला सोपं होतं. पेशंटला पाटावर निजवायचं आणि पाट एका मोठ्या कड्यात सरकवायचा. कडं त्याच्याभोवती किरण फिरवतं, चारी बाजूंनी बघतं आणि कलिंगडाची चकती कापून दाखवावी तसा आतला फोटो काढतं. मात्र वाटेत धातू आला की किरण अडतात, मशीनचा हिशेब चुकतो आणि फोटोत त्या धातूपासून चहूकडे पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात. मग रेघांखाली काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. खुब्यातला स्टीलचा गोळा, मांडीतली पट्टी, दाताचं चांदीचं भरण, आजोबांच्या पाठीतले शिकारीतले छर्रे (शिकार कुणाची चालली होती ते केसपेपरवर लिहिलेलं नव्हतं), सगळ्यांचा परिणाम एकच.

आता हे डॉक्टरांपुरतं राहिलं असतं तर निभावलं असतं. पण कोल्हापुरात फिल्म ही फक्त डॉक्टरांसाठी नसते. पेशंट ती मोठी पिशवी घेऊन घरी जातो. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली जाते. भावकी बघते, दूध सोसायटीचा सेक्रेटरी बघतो, तालमीतले वस्ताद बघतात आणि प्रत्येकजण मत देतो. अशा ठिकाणी रेघांनी भरलेली फिल्म म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचे डोळे मिटलेले यावेत तसं. सन दोन हजारमध्ये धातूवाल्या पेशंटांच्या दोनशे बारा फिल्म निघाल्या. पैकी दोनशे नऊ जणांनी तक्रार केली. उरलेल्या तिघांतल्या दोघांना मोतीबिंदू होता आणि एक सांगलीचा होता.

चेअरमन आकारामदादांनी ताबडतोब धातुरेघा निवारण समिती नेमली. समितीवर प्रत्येक तालुक्याचा एक, महिलांची एक, तालमींचा एक आणि नाराजांचे दोन असे प्रतिनिधी होते. एखादा क्ष-किरणतज्ज्ञही घ्यावा अशी सूचना आली होती. पण तज्ज्ञ घेतला की त्याचंच ऐकावं लागतं, मग समिती कशाला, हा मुद्दा बिनतोड निघाला आणि सूचना मागे घेण्यात आली.

समितीने पहिल्या चार बैठकांत धातूची शास्त्रीय विभागणी केली: निघणारा धातू आणि न निघणारा धातू. निघणाऱ्या धातूची यादी करायचं काम संगमेशकडे आलं आणि एका मंगळवारी, एकाच पेशंटच्या अंगावरून, त्याने पुढील वस्तू उतरवून घेतल्या: बुगड्या, जोडवी, मंगळसूत्र, बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना (एकोणीस), कमरेची किल्ली, किल्लीला बांधलेली किल्ली, दंडातला ताईत आणि पदराच्या गाठीत सांभाळून ठेवलेलं सुनेच्या कानातल्याचं मळसूत्र. (सून बाहेर बाकावर बसून तेच शोधत होती.) मंगळसूत्र काढायला बाई तयार नसली की संगमेश ते सरकवून डोक्याशी घ्यायचा, कारण फोटो पोटाचा असायचा. संकेश्वरचे बसलिंगाप्पा छातीच्या फोटोला आले, तेव्हा गळ्यातलं लिंग अंगावेगळं करायचा प्रश्नच नव्हता. संगमेशने चांदीचा चौका, म्हणजे लिंगाची डबी, त्यांच्याच हातात दिला आणि हात डोक्यामागे लांब करायला सांगितला. फोटो स्वच्छ आला. बसलिंगाप्पा म्हणाले, "येवढं सोपं हाय तर समिती कशापायी रं?" हे वाक्य इतिवृत्तात आलं नाही.

न निघणाऱ्या धातूवर मात्र चर्चा खोलात गेली. धातूवाले पेशंट सांगलीला पाठवावेत अशी एक सूचना होती. दुसरी सूचना, खुब्यात स्टीलच्या गोळ्याऐवजी सावंतवाडीचा लाकडी गोळा बसवावा, रंगीत असतो आणि स्वस्तही पडतो. संगमेशला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की पेशंटला थोडं कुशीवर वळवलं, किरणांचा जोर वाढवला, पातळ पातळ चकत्या घेतल्या, मशीन तापलं की थांबलं आणि पडद्यावरचा उजेड-अंधार नीट लावून बघितलं, तर रेघा बऱ्याच कमी होतात. जात नाहीत, पण त्यांच्यामधून दिसतं. वेळ लागतो पाऊण तास.

"पाऊण तासात म्या चार पेशंट काढतो की," दादा म्हणाले. दादांनी आयुष्यात एकही पेशंट काढलेला नव्हता, पण हिशेब बरोबर होता.

अशा वेळी दादांचे जावई विश्वजित पुढे आले. ते पुण्यात कॉम्प्युटर शिकले होते आणि सध्या योग्य संधीच्या शोधात सासऱ्यांकडे राहत होते. त्यांनी एक प्रोग्रॅम आणला. त्याची युक्ती अशी, की ज्या ज्या दिशेने धातू आडवा येतो तिथली माहिती मशीनने खोडून टाकायची. मग खोडलेल्या जागेच्या अलीकडे काय आहे ते बघायचं, पलीकडे काय आहे ते बघायचं आणि दोन्हींवरून मधली जागा भरून टाकायची. एफ-नऊ हे बटण दाबलं की रेघा गायब.

"सोयरीक बघताना आपण काय करतो?" विश्वजितनी समितीला समजावलं. "मुलाच्या घरी विचारून खरं कळतं का? आपण शेजारीपाजारी विचारतो. तेच हे."

समिती भारावली. संगमेशने हात वर केला. त्याचं म्हणणं, युक्ती चांगली आहे, जगात वापरतातही. पण ती जिथे माहिती नाही तिथे अंदाज भरते. म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवायचाच आणि डॉक्टरांनी दोन्ही बघायचे. दादांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका माणसाचं दोन फोटू दिलं तर कंचा खरा म्हनून भांडणं लागत्यात. मूळ फोटू पुसायचा." हा ठराव क्रमांक चौदा. सूचक विश्वजित, अनुमोदक भडंग संपवण्याच्या घाईत असलेले सर्व.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये एफ-नऊचं उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात अंबूबाई आली.

अंबूबाई बासष्टची. दारात दोन म्हशी. पहाटे धार काढायची आणि किटली घेऊन स्वतः चालत डेअरीवर जायचं, यात चाळीस वर्षांत खंड नव्हता. तीन वर्षांपूर्वी गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, तेव्हा याच रुग्णालयात स्टीलचा गोळा बसवला होता. गोळ्याला खाली एक दांडा असतो, तो मांडीच्या हाडात घट्ट बसलेला असावा लागतो. अलीकडे पाऊल टाकलं की आत कळ यायची आणि साध्या एक्सरेत नीट कळेना म्हणून तिला सीटीला पाठवलं होतं.

संगमेशने फोटो काढला. पडद्यावर क्षणभर मूळ चित्र आलं. भरपूर रेघा, आणि रेघांच्या आड दांड्याच्या कडेने काहीतरी काळं. फट असेल, रेघ असेल. कुशीवर वळवून पुन्हा बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. बाहेर बाकावर अकरा पेशंट होते, भिंतीवर ठराव क्रमांक चौदा फ्रेम करून लावला होता. संगमेशने एफ-नऊ दाबलं. अलीकडे हाड होतं, पलीकडे हाड होतं, मधेही हाड भरलं गेलं. आठवड्यातून दोनदा सह्या करायला येणाऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ फिल्म बघितली आणि लिहिलं: गोळा उत्तम स्थितीत.

अंबूबाई फिल्म उजेडात धरून म्हणाली, "ह्यात तर सगळं ब्येस दिसतंय. मग दुखतंय कशानं?"

"वय झालं मावशी," संगमेश म्हणाला. हे तो का बोलला ते त्यालाही सांगता आलं नसतं. वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण तोवर पुढचा पेशंट पाटावर निजला होता.

यानंतरचे आठ महिने संस्थेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखे गेले. तक्रारी शून्यावर आल्या. रुग्णालयात बसवलेले सर्व गोळे, पट्ट्या आणि खिळे यांच्या यशाचं प्रमाण एकाहत्तर टक्क्यांवरून थेट शंभरावर गेलं (एका महिन्यात ते एकशे दोन झालं होतं, पण त्यातले दोन मुरगूडचे पेशंट नजरचुकीने दोनदा मोजले गेले होते). हाडांच्या डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते शाल घेऊन मागच्या दाराने गेले असं काही लोक म्हणतात, पण त्या दिवशी पुढच्या दारात मांडव होता.

चांगली पद्धत एका खात्यात डांबून ठेवू नये, या विचाराने विश्वजितनी ती हजेरीपुस्तकाला लावली. सोमवारी हजर आणि बुधवारी हजर असलेला कर्मचारी मंगळवारी हजरच असणार, तेव्हा मंगळवारी कुणी येईनासं झालं आणि हजेरी मात्र सुधारली. पुढे ती वॉर्डातल्या तापाच्या तक्त्याला लावली. सकाळी ताप नाही, रात्री ताप नाही, तर दुपारी नर्सला उठवायचं कशाला?

वार्षिक सभेत तर पद्धतीचा कस लागला. ज्ञानू नावाचा एक सभासद दर सभेत उठून ओरडायचा. त्याच्यामुळे इतिवृत्तात फार रेघा यायच्या. त्याही वर्षी तो बाकावर उभा राहिला. "मूळ फोटू का पुसता ते सांगा! काय दडवायचं हाय?" असं तो वीस मिनिटं विचारत होता. इतिवृत्त लिहिताना समितीने ज्ञानूचं भाषण खोडलं. त्याच्या आधीच्या वक्त्याने चेअरमनांचे आभार मानले होते, नंतरच्यानेही मानले होते. त्यामुळे इतिवृत्तात ज्ञानूनेही मानले. ते वाचून दाखवलं तेव्हा ज्ञानू पुन्हा ओरडला, आणि अशा रीतीने त्याच्या नावावर दोनदा आभार जमा झाले.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एफ-नऊ बघितलेलं नसतं. पण अंबूबाईच्या खुब्याला मात्र ही पद्धत लागू पडेना.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत ती पुन्हा आली. या वेळी सुनेच्या खांद्यावर भार टाकून. आठ महिन्यांत तिची डेअरी सुटली होती, धारेला बसणं सुटलं होतं, केएमटीची पायरीही तिला सुनेने उचलूनच चढवली होती. म्हशी सुनेला पान्हा देत नव्हत्या, हे तिचं सगळ्यात मोठं दुःख होतं. उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड दिसत होता. चौकशीच्या खिडकीवरच्या कारकुनाने वही बघून सांगितलं, की त्या दिवशीचा तुमच्या आधीचा पेशंट बरा झालाय, नंतरचाही झालाय, त्याअर्थी तुमचीही नोंद "बरी" अशीच आहे.

अंबूबाईने जुनी फिल्म खिडकीतून आत सरकवली. "ह्यो फोटू म्हनतोय माजं काय दुखत न्हाय. व्हय ना? मग ह्येलाच चालाय लावा गडमुडशिंगीपातूर. म्या बसतो हितं."

बाकावरचे लोक हसले. संगमेश दारात उभा होता, त्याला हसू आलं नाही. त्याला ती काळी कड आठवत होती. आठ महिने रोज आठवत होती आणि रोज तो एफ-नऊ दाबत होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला ठेवला आणि अंबूबाईला आत घेतलं.

"मावशी, पाऊण तास हलायचं न्हाई. दुखंल."

"दुखतंयच की. तू काड."

त्याने तिला उशा लावून थोडं कुशीवर वळवलं. किरणांचा जोर वाढवला, चकत्या पातळ घेतल्या. मशीन दोनदा तापलं, दोनदा तो थांबला आणि कन्नडमध्ये त्याची समजूत काढली. शेवटी पडद्यावर चित्र आलं. रेघा होत्याच. पण त्यांच्यामधून दांड्याच्या दोन्ही कडांनी वरपासून खालपर्यंत गेलेली काळी फट आता रेघ म्हणून खपवण्यासारखी राहिली नव्हती. दांडा हाडात सैल झाला होता आणि आठ महिने पावला-पावलाला खाली रुतत आला होता.

संगमेशने एफ-नऊ दाबलं नाही. फिल्म जशी होती तशी काढली, फटीवर पेनाने बाण केला आणि अंबूबाईच्या हातात दिली.

"मावशी, हे मागच्या येळीच दिसलं हुतं मला. थोडं. मी पुसलं."

अंबूबाईने फिल्म उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. "आट म्हैनं रं बाबा," एवढंच ती म्हणाली आणि सुनेचा हात धरून निघाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर संगमेशला त्या दिवशी जेवण गेलं असतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी बाण बघितला आणि त्याच आठवड्यात खुबा उघडून गोळा बदलला. पाय दोन बोटं आखूड राहिला तो राहिलाच, त्यासाठी चपलेला जाड टाच लावावी लागली. काठी घेऊन अंबूबाई गोठ्यापर्यंत जाते. डेअरीपर्यंत जात नाही. रुग्णालयाने तिची रीतसर दखल घेतली: पेशंट सध्या चालते, सबब संस्थेने बसवलेला गोळा यशस्वी. शंभर टक्के अबाधित राहिले.

संगमेशला नोटीस निघाली. आरोप तीन: ठरावाचा भंग, सुट्टीच्या वेळेत काम आणि सभासदाला परस्पर सत्य पुरवणे. चौकशीच्या दिवशी ज्ञानू तालमीची चाळीस पोरं घेऊन फाटकात उभा राहिला, त्यामुळे दादांना लोकशाही आठवली. पोरांसमोर व्हरांड्यात उभं राहून ते म्हणाले, "आमी काय कुनाचं तोंड दाबलंय? ज्याला रेघा पायजेत त्यानं रेघा घ्याव्यात की." तिथल्या तिथे ठराव झाला. सीटी विभागाला दोन खिडक्या झाल्या. पहिलीवर पाटी, "स्वच्छ फोटो". दुसरीवर पाटी, "आहे तसा फोटो (वेळ पाऊण तास, परिणामास संस्था जबाबदार नाही)". पहिलीवर विश्वजितनी नेमलेला नवा माणूस बसला. दुसरीवर, शिक्षा म्हणून, संगमेश.

आपण आता जिंकलो असं ज्ञानूला वाटलं आणि त्याने साखर वाटली. लोकांना फसवलं म्हणून लोक चिडले होते, आता खरं मिळतंय म्हटल्यावर झुंबड उडणार अशी त्याची समजूत होती. दोन खिडक्यांच्या पहिल्या वर्षाचा तक्ता असा: स्वच्छ फोटो, चार हजार तीनशे अठरा. आहे तसा फोटो, सात. या सातांपैकी तिघांना संडास कुठे आहे ते विचारायचं होतं आणि दोघे पाटी वाचून, जरा लाजून, पहिल्या रांगेत गेले. पुढच्या वर्षी ज्ञानूचा मणका धरला. त्याच्या मणक्यात जुना खिळा होता. तो दुसऱ्या खिडकीपाशी आला, पाटी वाचली, संगमेशकडे बघून हात केला, घरून लवकर बोलावलंय असं काहीतरी पुटपुटला आणि पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. ओरडला मात्र नाही.

दोन्ही खिडक्या आजही चालू आहेत. पहिलीची रांग जिना उतरून रस्त्यापर्यंत जाते, लोक गप्पा मारत उभे असतात आणि पुढे सरकतात. दुसरीपुढे एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यावरची धूळ संगमेश रोज सकाळी पुसतो. वाचकहो, आपल्यालाही कधी ना कधी या जिन्यापाशी यावंच लागेल, कारण काही ना काही न निघणारं प्रत्येकाच्या आत असतंच. आपण कोणत्या खिडकीपाशी उभे राहाल, हे विचारण्याची तसदी संस्था आपल्याला देणार नाही. आपल्या पुढच्याला विचारलं आहे, मागच्याला विचारलं आहे आणि आपलं नाव लिहूनही झालं आहे.